वरची फळी

माझी जाऊ उंच आहे. आमच्या घरातलं पहिलं भांडण या एका गोष्टीवरून झालं, आणि नंतरची बरीचशी त्याच भांडणाची पिल्लं.

मी लग्न होऊन वडनेरला आले त्या साली स्वयंपाकघराचं नवं बांधकाम चाललं होतं. मी मांडवपरतणीला माहेरी गेले आणि तेवढ्यात कोकिळाबाईनं, म्हणजे माझ्या थोरल्या जावेनं, मिस्त्रीला उभं करून भिंतीत चार फळ्या बसवून घेतल्या. सगळ्यात वरची कुठे हवी असं त्यानं विचारलं, तर हिनं हात वर केला आणि म्हणाली, इथं. मी परत येऊन पाहते तर त्या फळीला माझी बोटंसुद्धा लागेनात. टाचा उंचावून पाहिल्या, उडी मारून पाहिली. ही बाजूला बसून निवांत लसूण सोलत होती. म्हणाली, “स्टूल घे ना, पूर्णे.”

माझं नाव अन्नपूर्णा. घरात पूर्णा, आणि हिच्या तोंडी पूर्णे. समोर मी तिला बाई म्हणते, तुमी म्हणते, सणावाराला पाया पडते. इथे मात्र ‘ती’च म्हणणार. ऐकायला ती थोडीच बसली आहे!

तर वरच्या फळीवर घरातलं सगळं चांगलंचुंगलं. साखर, चहापत्ती, तूप, खोबरं, लोणच्याची बरणी. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. आमच्याकडे जिच्या हाती साखरेचा डबा ती घरधनीण. मला घोटभर चहा करायचा म्हटला तरी स्टूल ओढा, चढा, काढा, उतरा. इतक्या वर्षांची माझी चढउतार एकत्र केली तर एखादा डोंगर सर झाला असता.

वर तिचा तो ताठा. डोक्यावर हंडा नसला तरी असल्यासारखी चालायची. मान सरळ, खांदे मागे, पदर एका खांद्यावरून असा सोडलेला की वारा आला तरी त्यानं विचारून यावं. आम्ही दोघी बाजाराला निघालो की मागून येणारे म्हणायचे, “ते पाहा, तूर अन् मूग चालले.” तूर कोण आणि मूग कोण हे वेगळं सांगायला नको.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास तिला आंघोळ करताना गाठ लागली. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवलं, तपासण्या झाल्या आणि तिचा उजवा स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढल्या. गावातल्या बायका ‘तिथलं ऑपरेशन’ म्हणतात, जसं काही ‘तिथलं’ म्हटल्यानं दुखणं कमी होतं. मी सरळ सांगते. स्तन काढला, बाई वाचली. पुढे औषधं झाली, केस गेले, नवे केस मऊ कुरळे आले, आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता काळजी नाही, फक्त तपासायला येत जा. त्या दिवशी मी आळीत पेढे वाटले. शेजारची शोभाबाई म्हणाली, कॅन्सरचे पेढे मी खात नाही. मग दोन खाल्ले.

पण मधल्या काळात आमच्याकडून एक घोळ झाला होता. कॅन्सरच्या बाईचं घरी काय करायचं, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बाळंतिणीचं मात्र सगळं माहीत होतं. मग आम्ही तेच केलं. आतल्या खोलीत बाज टाकली. कानाला फडकं बांधलं. डिंकाचे लाडू केले. तिचा उजवा हात मी माझ्या लाल शेल्यात घालून गळ्यात बांधून दिला, म्हणजे चुकूनही हलायला नको. बाजेखाली शेगडी ठेवायची तेवढी राहिली. दवाखान्यातून निघताना तिथल्या मुलीनं हाताचे व्यायाम दाखवले होते. आम्ही हो हो म्हटलं आणि घरी येऊन शोभाबाईचं ऐकलं. शोभाबाईला उभ्या जन्मात एक टाका पडलेला नाही, पण ती म्हणाली, “हात वर केला तं टाके उसवतीन.” आमचे भासरे, म्हणजे कोकिळाबाईचे यजमान प्रभाकरराव, तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देईनात.

अशा मायेत ती पाच-सहा महिने राहिली आणि वाकली. उजवा खांदा कानाकडे चढला आणि पुढे आला. छाती आत गेली. मान खाली. चालताना हात पोटाशी धरून, अंग एका बाजूला कललेलं, दोन्ही खांद्यांवरून पदर घट्ट ओढून घेतलेला. शेला सोडला तरी हात तिथेच, शेला असल्यासारखा.

एका सकाळी आम्ही अंगणात तुरीची डाळ वाळत घालत होतो. समोरच्या भिंतीवर आमच्या सावल्या पडल्या होत्या. मी सहज पाहिलं, तर दोघींच्या सावल्या सारख्याच उंचीच्या. लग्न झाल्यापासून मी ज्याची वाट पाहिली ते हे. मला आनंद व्हायला हवा होता, आणि मला रडू यायला लागलं म्हणून मी डाळीतले खडे वेचत बसले.

त्याच आठवड्यात तिच्या मुलीचं, सुरभीचं, नालवाडीच्या घरी जमलं. मुलगा आदेश, बापाचं कपड्याचं दुकान सांभाळतो. आईच्या दुखण्याचं आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं, तर मुलाची आई सुलोचनाबाई म्हणाली, “बरी झाली ना? मंग झालं.” आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, आमच्या घरी साक्षगंध ठरलं, तुमच्याकडचा साखरपुडा. सगळे खूश. रात्रीच्या भाज्या निवडताना कोकिळाबाई मला हळूच म्हणाली, “पूर्णे, साक्षगंधाले माह्या जागी तू उभी राहाजो.”

“काऊन? पोरगी तुमची हाय का माही?”

“लोकं माह्याकडे पाह्यतीन. मी आतल्या खोलीत बसीन. माहं नाव नोको घेजो.”

जी बाई लग्नामुंजीत मांडवाच्या दारात उभी राहिली की पाहुण्यांना वाट विचारावी लागत नसे, ती स्वतःच्या मुलीच्या साक्षगंधाला आतल्या खोलीत बसणार! मला इतका राग आला की मी मेथीच्या काड्याही भाजीत टाकल्या.

तपासणीची तारीख आली तशी मी तिला घेऊन बसनं दवाखान्यात गेले. तिथे व्यायाम शिकवणारी अंकिता नावाची मुलगी होती. वय असेल सुरभीएवढं, आवाज मात्र सासूचा. तिनं कोकिळाबाईला मोठ्या आरशासमोर उभं केलं आणि विचारलं, “काकू, हा हात कोणी बांधून ठेवला होता?”

“मी,” मी म्हटलं. “आराम पाह्यजे ना माणसाले.”

“झाला आराम. आता कामाला लावा.”

मग तिनं आम्हाला समजावलं. एका बाजूचं वजन गेलं की अंग तोल सांभाळायला कलतं. टाक्यांची जागा आखडते आणि खांद्याला पुढे ओढते. आणि उरलेलं माणूस स्वतःच करतं, लपवायला म्हणून छाती आत घेतं. असंच राहिलं तर मान आणि पाठ जन्मभर दुखत राहणार. तिनं व्यायाम दाखवले. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. खांद्याची पाती मागे घ्यायची. भिंतीवर बोटांनी चालत चालत हात वर न्यायचा, रोज थोडा जास्त. ब्लाउजमध्ये त्या बाजूला थोडं वजन असलेली गादी घालायची, म्हणजे अंगाला दोन्ही बाजू सारख्या वाटतील. या हाताला भाजू द्यायचं नाही, कापू द्यायचं नाही, जड ओझं द्यायचं नाही. “पण वर न्यायचाच,” ती म्हणाली. “दुखलं की थांबा. पण रोज.”

बसमध्ये कोकिळाबाई खिडकीबाहेर पाहत होती. मी म्हटलं, “करसान ना व्यायाम?”

“पाहू,” ती म्हणाली. आमच्याकडे ‘पाहू’ म्हणजे नाही.

गादीचं काम मी अंगावर घेतलं. आमच्याच शेतातला कापूस, मऊ धोतराचं कापड, आणि वजनाला काय घालावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं तर मूग दिसले. मूठ मूठ घालून मी अशी सुरेख गोल गादी शिवली की माझं मलाच कौतुक वाटलं. कोकिळाबाईनं ती घातली, आरशात पाहिलं आणि काही बोलली नाही, म्हणजे बरी होती. उन्हाळा सुरू झाला होता. घाम यायचा. म्हणून मी एक दिवस ती धुतली आणि ऊन लागून कापड विटू नये म्हणून सावलीत वाळत घातली. दुसऱ्या दिवशी सुरभीच्या कपड्यांच्या गडबडीत विसरले. तिसऱ्या दिवशी सकाळी आतून हाक आली, “पूर्णे! हे काय होय वो?”

जाऊन पाहते तर गादी टम्म फुगलेली आणि शिवणीतून पांढरे कोंब बाहेर आलेले. मुगांना मोड आले होते. मी शिवण उसवली तर ताटभर मोडाचे मूग.

आम्ही दोघी त्या ताटाकडे पाहत राहिलो. मला वाटलं आता ही रडणार. तिनं एक मूग उचलला, उजेडात धरला आणि म्हणाली, “उसळ करतं काय याची? माह्या छातीची पहिली फसल हाय.”

आणि हसली. मग मी हसले. मग दोघींना थांबता येईना. ती बाजेवर बसली, मी खाली बसले, सुरभी धावत आली आणि काय झालं म्हणून विचारत राहिली, आणि आम्हाला सांगता येईना. पोळ्यापासून ती अशी हसली नव्हती. हसताना तिची मान मागे गेली, छाती वर आली आणि खांदे आपोआप सरळ झाले. ते मी पाहिलं. म्हणजे हाडं जागेवर होती, अडकली होती ती बाई.

दुसऱ्या गादीत मी धुऊन वाळवलेली बारीक रेती घातली. रेतीला मोड येत नाहीत.

आता हात वर कसा न्यायला लावायचा? सांगून ऐकणाऱ्यांतली ती नव्हे. पण तिची एक दुखरी नस मला ठाऊक होती. तिला चहा लागतो, स्वतःच्या हातचा. माझ्या चहाला ती गढूळ पाणी म्हणते. दुखण्यात तिच्या सोयीसाठी प्रभाकररावांनी साखरेचा आणि चहापत्तीचा डबा वरून काढून ओट्यावर ठेवला होता. मी सकाळी उठले आणि दोन्ही डबे दुसऱ्या फळीवर ठेवले. खालून दुसरी, म्हणजे छातीइतकी.

ती आली, ओटा पाहिला, मला पाहिलं. डाव्या हातानं डबा काढायला गेली तर मी आडवी झाले. “डावा नाई. उजवा.”

“तू कोन सांगनारी?”

“चहा पाह्यजे का नाई?”

तिनं उजव्या हातानं डबा काढला. तोंडानं जे काढलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काही दिवसांनी हात तिथे सहज जाऊ लागला तसे मी डबे तिसऱ्या फळीवर नेले. तिसरी फळी तिच्या डोळ्यांच्या वर. पहिल्या दिवशी तिला चहा मिळाला नाही. दुसऱ्या दिवशीही अर्ध्यावर हात थांबला, कपाळावर घाम आला, आणि नेमके तेव्हाच प्रभाकरराव स्वयंपाकघराच्या दारात आले.

आता इथे एक सांगायला हवं. भासऱ्यांशी मी कधी थेट बोललेले नव्हते. आमच्या घराची तशी रीतच. डोक्यावर पदर घेऊन, दाराआडून, आणि तेही दुसऱ्या कुणाला तरी उद्देशून. घरात कुणी नसलं तर मी मांजरीला सांगायची, “मांजरे, सांग त्याईले, ताट वाढलं हाय.” मांजरीचे आमच्या घरावर फार उपकार आहेत.

तर प्रभाकररावांनी बायकोची दशा पाहिली, पुढे झाले, हात वर केला आणि डबा उचलला.

“ठेवा तो डबा!” मी ओरडले. “होता तिथंच ठेवा!”

कोण बोललं म्हणून त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझा पदर खांद्यावर, कमरेवर हात. त्यांनी डबा निमूट तिसऱ्या फळीवर ठेवला, चुलीजवळ झोपलेल्या मांजरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “मांजरे, सांग त्याईले, ठेवला म्हना.”

आणि गेले. मी जीभ चावली, पण आता काय उपयोग.

कोकिळाबाई मात्र पेटली. “तुले मजा येते काय वो माही? आजारी माणसाचा जीव घेऊन राह्यली तू. सारं गाव म्हनते, पूर्णा जावेले चहा नाई देत म्हून.”

हे खरं होतं. शोभाबाईनं ती बातमी हिंगणघाटच्या बाजारापर्यंत पोचवली होती.

“म्हनू द्या गावाले,” मी म्हटलं. “तुमी आजारी नाई. तुमी बऱ्या झाल्या. डॉक्टरनं सांगतलं, मी पेढे वाटले. मंग हे वाकून कायले चालता? कोनाले भ्याता?”

“तुले काय करा लागते? तुले तं बरंच झालं. आता तू अन् मी सारख्या.”

हे ऐकलं आणि माझा तोल गेला. “मले नाई पाह्यजे सारखी!” मी म्हटलं. “मले माही उंच जाऊ पाह्यजे. जिनं मले स्टुलावर चढवलं तेच पाह्यजे. बुटकीसंग भांडाले काय मजा हाय? मी कोनाकडे मान वर करून बोलू?”

बोलता बोलता मला रडू फुटलं आणि मी ते थांबवलं नाही. पाण्याला आधण आलं होतं, ते खळखळ वाजत होतं.

“बुटकी कोन?” तिनं विचारलं.

मग भिंतीला बोटं लावली. एक बोट, दुसरं बोट, भिंतीवरून वर. ओठ घट्ट मिटलेले. खांद्याजवळ अडलं तेव्हा थांबली, श्वास घेतला, अंकितानं सांगितलं तसं पातं मागे घेतलं आणि पुन्हा निघाली. बोटांची टोकं तिसऱ्या फळीला लागली. तिनं डबा काढला, माझ्यासमोर आपटला आणि म्हणाली, “आलं ठेच.”

त्या दिवसापासून तिनं स्वतःहून भिंत धरली. सकाळी पाठ टेकून उभी राहायची, दुपारी बोटं चालवायची. आखाजीपर्यंत हात तिसऱ्या फळीच्या बराच वर गेला. खांदा कानापासून खाली उतरला. वरची फळी तेवढी राहिली होती, वीतभर लांब. पण साक्षगंधाचं ती काही बोलेना, आणि पदर तसाच दोन्ही खांद्यांवरून ओढलेला. आदल्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाली, “हात वर गेला म्हून काय झालं? पाहनाऱ्याचे डोये थोडीच खाली जातीन. मी आतच बसतो.”

माझ्याजवळचे डबे संपले होते.

साक्षगंधाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. जेवणाला आमरस आणि लांब रोटी. आमच्या भागातली ही रोटी पोळपाटावर लाटत नाहीत. कणीक पातळसर भिजवून, आपटून आपटून तिला तार आणायची. मग ओल्या हातांवर गोळा घेऊन तो या हातावरून त्या हातावर झुलवायचा, मनगटावरून कोपरापर्यंत ताणत न्यायचा, आणि दोन्ही हात उचलून ती रुमालासारखी पातळ रोटी भट्टीवरच्या पालथ्या मडक्यावर सोडायची. दोन्ही खांदे एका उंचीत नसले तर रोटी एका बाजूला लोंबते आणि फाटते. पंचक्रोशीत ही रोटी कोकिळाबाईची. तिच्या रोटीतून पलीकडचा माणूस ओळखू यायचा.

त्या दिवशी रोटीला शोभाबाई उभी राहिली, कुणी न बोलावता. मी भट्टीजवळ होते. घरातलं स्टूल बाहेर आणून त्यावर कणकेची परात ठेवली होती. शोभाबाईची पहिली रोटी मध्येच फाटली. दुसरी मडक्यावर पडायच्या आधी हातातच गोळा झाली. ती कणकेला दोष देऊ लागली. नेमकी तेव्हाच नालवाडीची मंडळी आली, आणि सुलोचनाबाई पाय धुऊन सरळ भट्टीकडेच आली. “लांब रोटी करून राह्यले काय? मले पाह्याची हाय.” पाहुण्यांच्या देखत तिसरी रोटी फाटून निखाऱ्यात पडली.

स्वयंपाकघराच्या खिडकीत कोकिळाबाई उभी होती. तिला सगळं सहन झालं होतं. दुखणं झालं, सुया झाल्या, केस गेलेले झाले. पण घरी विहीण आलेली आणि आपल्या अंगणात रोटी फाटते, हे मात्र तिच्यानं पाहवेना.

ती बाहेर आली. “सरक, शोभा,” म्हणाली. परातीत हात बुडवायच्या आधी तिनं सवयीनं पदर ओढला, एका खांद्यावर घेतला आणि कमरेला खोचला. आपण काय केलं हे तिच्या ध्यानातही नव्हतं. तिचं सगळं लक्ष कणकेकडे.

मी तिच्या कानाशी म्हटलं, “आगीजवळ मी. हाताले भाजू द्याचं नाई म्हनलं अंकितानं. तुमी फक्त हवेत करा, मी खालून घेतो.”

“तुले जमते काय?”

“तुमाले जमते काय ते पाहा.”

तिनं गोळा उचलला. या हातावरून त्या हातावर. रोटी वाढू लागली, मनगटावर आली, कोपरावर आली. तिनं हात उचलले आणि रोटी उजवीकडे लोंबली. उजवा खांदा खाली राहिला होता. सुलोचनाबाई पाहत होती, शोभाबाई पाहत होती, मांडवातल्या बायका उठून जवळ आल्या होत्या. कोकिळाबाईनं रोटीकडे पाहिलं. तिला आरशाचं कधी खरं वाटलं नव्हतं, रोटीचं वाटलं. तिनं पाठ ताठ केली. पातं मागे गेलं, छाती वर आली, मान सरळ झाली, आणि उजवा हात डाव्याच्या बरोबरीला येऊन थांबला. रोटी दोन्हीकडे सारखी झाली. तिच्यातून मला सगळा मांडव दिसला, सुलोचनाबाई दिसली, दाराशी उभी राहून डोळे पुसणारी सुरभी दिसली.

मी खाली हात धरले, तिनं रोटी माझ्या हातांवर सोडली आणि मी ती मडक्यावर पसरली. एकही भोक नव्हतं.

“माय वो,” सुलोचनाबाई म्हणाली, “विहीणबाई, तुमी तं माह्यापेक्षा हातभर उंच हा!”

“हो,” कोकिळाबाई म्हणाली आणि दुसरा गोळा उचलला.

थोड्या रोट्या झाल्या तसं मीच तिला थांबवलं, हात थकू नये म्हणून. तोवर शोभाबाईनं पाहून पाहून पुष्कळ शिकून घेतलं होतं, म्हणजे तिचं म्हणणं तसं. आतून साक्षगंधाला बोलावणं आलं. कोकिळाबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ती तशीच गेली, हाताला कणीक, पदर खोचलेला. सुलोचनाबाईनं सुरभीची ओटी भरली तेव्हा शेजारी आई उभी होती. फोटोत सगळ्यांच्या वर एक मान दिसते ती तिचीच. मी त्या फोटोत नाही. पुढच्याच्या डोक्यामागे आहे.

उन्हं कलताना पाहुणे निघाले. मांडववाल्यानं खुर्च्या, सतरंज्या, पराती टेम्पोत भरल्या. मी थकून स्वयंपाकघरात आले. म्हटलं, आज दोघींचा चहा आपण करू, गढूळ तर गढूळ. पाणी ठेवलं, आलं ठेचलं आणि टाचा उंच करून तिसऱ्या फळीवर हात फिरवला. डबे नव्हते.

वर पाहिलं. साखरेचा आणि चहापत्तीचा, दोन्ही डबे वरच्या फळीवर, पार मागे भिंतीला टेकलेले. खालपासून फळीपर्यंत भिंतीवर वाळलेल्या कणकेची बोटं उमटली होती, एकावर एक, चालत गेल्यासारखी.

मी स्टूल शोधायला वळले. दारात कोकिळाबाई उभी. मान सरळ, खांदे मागे.

“स्टूल मांडववाल्याच्या टेम्पोत गेलं वाटते,” ती म्हणाली. “उडी मार ना, पूर्णे.”

मी पदर खोचला आणि सुरू झाले. मिस्त्रीपासून सुरुवात केली, फळ्यांवर आले, तिच्या ताठ्यावर आले, मधलं एकही वर्ष सोडलं नाही. बोलताना मान वर करावी लागत होती आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती दाराला न टेकता उभी राहून हसत होती. कुंपणापलीकडून शोभाबाई म्हणाली, “झालं याईचं सुरू.”

आवाज ऐकून प्रभाकरराव आले. त्यांनी मला पाहिलं, रिकामी तिसरी फळी पाहिली आणि बिचाऱ्यांनी मला मदत म्हणून वरच्या डब्याकडे हात नेला.

“राहू द्या, भाऊजी,” मी म्हटलं. “तो डबा तिथंच पाह्यजे.”